दिवसाचा दर, ठोक, महिना की टक्का? एकाच कामाचे चार भाव

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार व्हायला निघालेला माणूस भेटला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दिवसाला किती सांगू?" दिवसाला सांगायचं की आणखी कशावर, हे त्याच्या डोक्यातही आलेलं नसतं. मी फाउंड्रीतला (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातला) माणूस, म्हणून एकच फाउंड्रीचं काम घेतो आणि ते चारही पद्धतींनी मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

काम असं. महिन्याला 100 टन कास्टिंग (ओतीव माल) ओतणारी फाउंड्री. रिजेक्शन (खराब निघून बाद होणारा माल) 9 टक्के, मालकाला ते 6 वर आणायचंय. तीन महिन्यांत विखुरलेलं साधारण 18 दिवसांचं काम आहे: वाळूची तपासणी, गेटिंग-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा) बदलणं, भट्टीवरच्या लोकांना सवय लावणं.

आधी आपला तळ

घरखर्च, गाडी, विमा, अकाउंटंट, कर आणि आता कुणी भरणार नसलेला पीएफ, सगळं मिळून वर्षाला 12 लाख लागतात असं धरू. नवखा माणूस याला 300 दिवसांनी भागतो आणि 4,000 रुपये दर सांगून मोकळा होतो. इथेच गाडी रुळावरून घसरते. रविवार, सण, लग्नकार्यं, आजारपण वजा केलं तर 280 च्या आसपास दिवस उरतात. त्यातले निम्मे कोटेशन देण्यात, "पुढच्या आठवड्यात या की" ऐकण्यात आणि बिलाच्या मागे फिरण्यात जातात. पहिल्या दोन-तीन वर्षांत 120 दिवसांचे पैसे मिळाले तरी चांगलं म्हणायचं. 12 लाख भागिले 120 म्हणजे 10,000. याच्या खाली गेलात तर पदरचे घालताय.

दिवसाचा दर

18 दिवस, 1 लाख 80 हजार. दुखणं नेमकं कुठे आहे हे दोघांनाही माहीत नसतं तेव्हा हीच पद्धत बरी. काम लांबलं तर भार मालकावर पडतो, तुमच्यावर नाही. अर्ध्या दिवसाच्या खाली बिल नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा. सकाळी शिरोली आणि दुपारी गोकुळ शिरगाव जमतं, म्हणून दोन तासांचे पैसे देणारे गिऱ्हाईकही भेटतात.

तोटा असा की मालक तुमचे दिवस मोजायला लागतो. "आज येऊ नका, भट्टी बंद आहे" असा फोन सकाळी साडेसातला येतो आणि तो दिवस वाया. शिवाय तुम्ही हुशार निघालात आणि सहा दिवसांत रोग सापडला, तर हातात 60 हजार. तोच रोग शोधायला 18 दिवस घालवणाऱ्याला तिप्पट मिळाले असते.

ठोक

माझी पसंती बहुतेक वेळा इथे, पण पहिला मारही इथेच खाल्ला. सुरुवातीच्या एका कामाचे ठोक 60 हजार सांगितले आणि कामाची हद्द लिहून घेतली नाही. "जाता जाता" म्हणत ऑडिटची कागदपत्रं माझ्याकडे आली, मग पॅटर्नवाल्याबरोबरच्या (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याबरोबरच्या) बैठका, मग नव्या सुपरवायझरचं प्रशिक्षण. शेवटी 23 दिवस गेले. दिवसाला 2,600 पडले. मालक वाईट नव्हता, लिहून न घेतल्याची चूक माझी.

म्हणून ठोक सांगताना 18 दिवसांच्या रकमेवर चौथाई वाढवा: 2 लाख 25 हजार. काम सुरू करताना 40 टक्के, वाळू आणि गेटिंगचे बदल लागू झाल्यावर 30, शेवटी 30. काय करणार याच्याइतकंच काय करणार नाही हेही लिहा.

ठोक रकमेची आणखी एक जमेची बाजू म्हणजे ती पटवून देता येते. दर सांगितला की मालकाच्या तोंडून हमखास येतं, "साहेब, एवढ्यात मी एक इंजिनिअर ठेवीन की." यावर चिडू नका. त्याला रोज उभा राहणारा माणूस हवा असेल तर त्याने खरंच इंजिनिअर ठेवावा, तुम्ही तसं सांगावंही. नसेल, तर त्याच्याच केबिनमध्ये, त्याच्याच कॅल्क्युलेटरवर हिशोब करायला लावा. 3 टक्के कमी म्हणजे महिन्याला 3 टन. रिजेक्ट माल परत भट्टीत जातो, म्हणून धातू पूर्ण बुडत नाही, पण वीज बुडते (एक टन लोखंड वितळवायला 600 युनिटच्या आसपास), वाळू, बाइंडर (वाळू घट्ट धरणारा पदार्थ), मजुरी आणि भट्टीचा वेळ बुडतो. किलोला किती धरायचे ते त्याला विचारा, आपण सांगू नका. तो 25 म्हणाला तर महिन्याला 75 हजार झाले. तुमची फी म्हणजे त्याची तीन महिन्यांची बचत. आकडा त्याच्या तोंडून आला असला की घासाघीस फीवरून हप्त्यांवर सरकते.

पुण्याहून येणाऱ्या सल्लागाराला मुक्कामाचं बिलही निमूट दिलं जातं आणि गावातल्या माणसाशी पाचशे रुपयांवरून वाद होतो, हा अनुभव तुम्हालाही येईल. दुसऱ्या पाळीत माल बिघडला तर मी अर्ध्या तासात पोचतो, ही गोष्ट कोटेशनमध्ये लिहा. तिला किंमत आहे.

महिना

महिन्याला चार दिवस, 35 हजार. दिवसाला 8,750 पडतात, म्हणजे तळाच्या खाली. तरी चालतं, कारण असे दोन-तीन ग्राहक असले की वर्षातले पैशाचे दिवस 120 वरून 140 वर जातात आणि तळच 8,571 वर उतरतो. फक्त न वापरलेले दिवस पुढच्या महिन्यात जमा होणार नाहीत, हे लिहून घ्या. नाहीतर मार्चमध्ये एकदम अकरा दिवसांची मागणी येते. पहिल्याच ग्राहकाशी अशी बांधणी करू नका. एक काम ठोक करून दाखवा, मग महिन्याचं बोला.

टक्का

"बचतीतला 20 टक्के तुमचा" हे ऐकायला गोड लागतं. 75 हजारांचे 20 टक्के म्हणजे महिन्याला 15 हजार. बदल चौथ्या महिन्यापासून दिसणार, तर पहिल्या वर्षात नऊच महिने, 1 लाख 35 हजार. जोखीम सगळी तुमची आणि मिळकत दिवसाच्या दराहूनही कमी. 30 टक्क्यांवर 2 लाख 2,500 होतात, म्हणजे ठोक रकमेच्या जवळ, तेही सगळं सुरळीत झालं तर.

सुरळीत होत नाही. रिजेक्शन म्हणजे कारखान्यातलं, मशिनिंगला सापडलेलं, की ग्राहकाकडून परत आलेलं? मध्येच पातळ भिंतीच्या कास्टिंगचे जॉब वाढले तर रिजेक्शनचा टक्का आपोआप चढतो. आणि पाऊस. जुलैत हवेतली ओल वाळूत उतरते आणि रिजेक्शन वाढतं. मे महिन्यात काम घेतलंत तर कोल्हापूरचा पावसाळा तुमचं श्रेय खातो. उलट जुलैत घेतलंत तर दिवाळीपर्यंत थोडं श्रेय फुकट मिळतं! मालकही हे ओळखून असतो. मोजणीचं रजिस्टर ज्याच्या हातात, त्याच्या बाजूने टक्का झुकतो.

काही पेशांना हा रस्ता बंदच आहे. वकिलांना निकालावर आणि सीएंना, काही अपवाद सोडता, नफ्यावर वा निष्कर्षावर फी घेता येत नाही. वास्तुविशारदांचा टक्का असतो, पण तो बांधकाम खर्चावर, म्हणजे खर्च वाढला की फी वाढते. तो वेगळाच घोळ.

टक्क्याचा मोह सुटतच नसेल तर मिश्रण करा: 1 लाख 20 हजार ठोक, आणि सलग तीन महिने रिजेक्शन 6 च्या खाली राहिलं तर आणखी 1 लाख. कुठल्या जॉबवर मोजायचं ते आधी ठरवा.

हातात किती येतं

सेवांसाठी वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर 18 टक्के चढतात. कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, पण "जीएसटी वेगळा" हे शब्द तोंडी बोलतानाही वापरा. व्यावसायिक फी म्हणून धरलं तर टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) 10 टक्के कापला जातो, तांत्रिक सेवा म्हणून धरलं तर 2. त्यांच्या अकाउंटंटशी हे आधी बोला, 10 कापले तर वर्षभर हात आखडतो.

"पार्टीचे पैसे आले की देतो" हे इथलं नेहमीचं उत्तर. ते खोटं नसतं, माल घेणाऱ्या वाहन कंपन्या फाउंड्रीचेही पैसे थांबवतात. तरी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात पैसे देण्याची मुदत लिहिली असली तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. व्याज मी आजवर कुणाला लावलेलं नाही. बिलाच्या तळाशी ते वाक्य छापलेलं असतं, तेवढ्यानेही फोन लवकर उचलला जातो.

पहिलंच काम असेल आणि दुखणं कळत नसेल, तर चार दिवस दराने जा, 40 हजारांत निदान लिहून द्या, आणि ठोक रकमेचं कोटेशन त्या कागदाला जोडून द्या. कोटेशनची मुदत 30 दिवस घाला. पावसाळ्याच्या तोंडावर असाल तर 15.