टॉमकॅट १०.१ वर पहिलं सर्व्हलेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिलं सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) चालवून बघायला टॉमकॅट १०.१ सारखा सोपा सर्व्हर नाही. जावा ११ किंवा पुढची आवृत्ती, जावा होम (जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) नीट लावलेलं, झिप उघडून बिन फोल्डरमधली स्टार्टअप स्क्रिप्ट चालवली की ८०८० पोर्टवर सर्व्हर उभा. ईजेबी (मोठ्या अ‍ॅपसाठीचे जावा घटक) वगैरे यात नाही. सर्व्हलेट किंवा जेएसपीसाठी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेली पानं) त्याची गरजही नाही.

नवख्याला रडवतो तो ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा एरर. वॉर (अ‍ॅपची एकत्र बांधलेली फाइल) सर्व्हरवर डिप्लॉय झाली, लॉगमध्ये एरर नाही, तरी पान सापडत नाही! बहुतेक वेळा कोड जुन्या ट्यूटोरियलमधला असतो आणि इम्पोर्ट जावाएक्स.सर्व्हलेटचे. टॉमकॅट १० पासून ते पॅकेज जकार्ता.सर्व्हलेट झालं. जुन्या पॅकेजमधलं वेबसर्व्हलेट अ‍ॅनोटेशन (सर्व्हलेटचा पत्ता सांगणारी कोडमधली खूण) सर्व्हर ओळखतच नाही, त्यामुळे तक्रारही करत नाही. तेच सर्व्हलेट वेब.एक्सएमएलमध्ये (अ‍ॅपची सेटिंग फाइल) नोंदवलेलं असेल तर निदान ५००, म्हणजे सर्व्हरमधला एरर, येतो आणि कारण कळतं. ही शांतता मला या सर्व्हरची सर्वांत मोठी उणीव वाटते. इम्पोर्ट बदलणं हाच खरा उपाय. जुना कोड हातात नसेल तर वॉर वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डरमध्ये टाका (नसेल तर तयार करा). सर्व्हर ती रूपांतरित करून वेबअ‍ॅप्समध्ये ठेवतो.

४०४ चं दुसरं कारण पत्ता. वॉरचं नाव हाच पत्त्याचा पहिला भाग, आणि मेव्हन (प्रोजेक्ट बांधणारं साधन) त्या नावाला आवृत्ती क्रमांक जोडतं. मेव्हनच्या पॉम या सेटिंग फाइलमध्ये फायनलनेम दिलं की प्रश्न मिटतो. लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत जुळायला हवीत. सर्व्हलेट एपीआयच्या जारचा (जावा लायब्ररीची फाइल) स्कोप पॉममध्ये प्रोव्हायडेड ठेवा, म्हणजे ती वॉरमध्ये जाणार नाही, कारण ती जार सर्व्हरच्या लिबमध्ये आधीच असते.

जावा २१ वर कंपाइल केलेला क्लास जावा १७ वर चालणाऱ्या सर्व्हरला उघडता येत नाही; अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एररमध्ये ६५ आणि ६१ हे आकडे (जावा २१ आणि १७ चे क्लास क्रमांक) दिसले तर कंपायलरचा रिलीज १७ करा. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर कंटेंट टाइप यूटीएफ-८ सह लावा, पण गेटरायटर (उत्तर लिहायचा रायटर देणारी मेथड) बोलावण्याच्या आधी. नंतर लावलेल्या कॅरेक्टर सेटचा काही उपयोग होत नाही.

महिनोन्महिने वापरताना जाणवतं ते रीडिप्लॉयचं, म्हणजे अ‍ॅप पुन्हा चढवण्याचं. अ‍ॅपने सुरू केलेला थ्रेड बंद केला नाही, तर जुना क्लासलोडर (अ‍ॅपचे क्लास मेमरीत आणणारा भाग) मेमरीतच अडकतो आणि प्रत्येक रीडिप्लॉयला मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी मेमरी) वाढत जातो. कॉन्टेक्स्ट लिसनरच्या (अ‍ॅप सुरू-बंद होताना चालणारा क्लास) डिस्ट्रॉय मेथडमध्ये एक्झिक्युटर (थ्रेड सांभाळणारा ऑब्जेक्ट) बंद करा. तशा गळतीचा इशारा कॅटॅलिना या टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये येतो. सर्व्हलेटमधल्या एक्सेप्शनसाठी मात्र लोकलहोस्ट नावाची, तारखेची फाइल उघडा.