एसडीएलची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स: नऊ महिने वापरल्यावर, आणि तीन संध्याकाळी वाया घालवल्यावर

चित्र धुरकट झालं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो. फावल्या वेळात एक छोटा पिक्सेल-आर्ट गेम करतोय. १६ बाय १६ पिक्सेलची पात्रं, ती मोठी करून दाखवायची, कडा अशा की बोट कापेल. एसडीएल (खिडकी, चित्र, आवाज, कीबोर्ड सांभाळणारी गेमची लायब्ररी) २ वरून ३ वर आलो आणि सगळी पात्रं चष्मा काढून बघितल्यासारखी दिसायला लागली. संताप याचा की यावरचा इलाज माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये कधीचाच लिहिलेला होता: एसडीएल_रेंडर_स्केल_क्वालिटी, व्हॅल्यू निअरेस्ट (मोठं केलेलं चित्र धारदार ठेवणारी; लिनिअर ते मऊ करते). तीन संध्याकाळी मी त्या ओळीकडे बघत बसलो.

(नावं इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती रोमन कॅपिटलमध्ये असतात, हे सांगायला नकोच.)

मुळात मी कंजूष माणूस. पैशापेक्षाही कंपाइलच्या बाबतीत. लॅपटॉप जुना, प्रत्येक बिल्डला पंखा किंचाळतो. त्यामुळे कोड न उघडता, बाहेरून एक ओळ लिहून (हीच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, प्रोग्रॅम सुरू करण्याआधी दिलेली नाव आणि व्हॅल्यूची जोडी) लायब्ररीला वळवता येतं हे कळल्यापासून मी त्याच वाटेने चालतोय. माझ्याच कोडमध्ये एकदा चित्र मऊ दिसावं म्हणून लिनिअर लिहून ठेवलं होतं. पुढे मत बदललं, पण बिल्ड करायचा कंटाळा. मग बाहेरून निअरेस्ट दिलं आणि चाललं. कारण प्रोग्रॅमने साध्या प्राधान्याने दिलेल्या हिंटपेक्षा (हिंट म्हणजे लायब्ररीला दिलेली सेटिंगची सूचना) एन्व्हायर्नमेंटमधली व्हॅल्यू वरचढ ठरते. प्रोग्रॅमने मुद्दाम ओव्हरराइड प्राधान्य लावलं तरच तिचं काही चालत नाही. शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा, ही व्यवस्था मला फार आवडते.

आधी चांगलं सांगून टाकतो. एक्स११ वर (लिनक्सची जुनी डिस्प्ले यंत्रणा) एसडीएलची खिडकी उघडली की डेस्कटॉपचा कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकत्र रंगवणारा भाग, बाजूला व्हायचा, पारदर्शकपणा आणि ॲनिमेशन गायब. एसडीएल_व्हिडिओ_एक्स११_नेट_डब्ल्यूएम_बायपास_कंपोझिटर शून्य केलं, विषय संपला. (हे नाव पाठ करणाऱ्याला नमस्कार.) दोन मॉनिटर असताना दुसऱ्या पडद्यावर क्लिक केलं की फुल-स्क्रीन गेम खाली जाऊन बसायचा; एसडीएल_व्हिडिओ_मिनिमाइझ_ऑन_फोकस_लॉस शून्य. पडदा नसलेल्या मशीनवर टेस्ट चालवायच्या तर व्हिडिओ ड्रायव्हर डमी, म्हणजे काहीच न दाखवणारा. पायगेमवाल्यांना (पायथनमधून एसडीएल वापरणाऱ्यांना) हे ठाऊक असेलच, फक्त ते डिस्प्ले सुरू करण्याआधी द्यावं लागतं. ऑडिओ ड्रायव्हर डिस्क केला तर आवाज स्पीकरऐवजी कच्च्या फाइलमध्ये उतरतो. रात्री घरातले झोपलेले असताना हे किती उपयोगी पडतं!

सगळ्यात सुखद धक्का एसडीएल_डायनॅमिक_एपीआयने दिला. एक जुना गेम, एसडीएल २ त्याच्या पोटातच स्टॅटिक लिंक केलेली, गेम करणारे केव्हाच पुढे निघून गेलेले. या व्हेरिएबलमध्ये नव्या एसडीएल २ च्या फाइलचा पत्ता दिला आणि गेमने पोटातली सोडून ती उचलली. २.०.२ पासूनची सोय आहे ही. एसडीएल ३ मध्ये हेच नाव एसडीएल३_डायनॅमिक_एपीआय असं आहे. ज्याने हे सुचवलं असेल त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

आता तक्रार. एकच आहे, पण ती मला सोडत नाही.

ड्रायव्हरची व्हॅल्यू चुकली तर एसडीएल ओरडते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये मी सेट, नाव, बरोबरचं चिन्ह, डमी, मग एक जागा सोडून दोन अँड आणि पुढे प्रोग्रॅम, असं एका ओळीत लिहिलं होतं. ती सोडलेली जागासुद्धा व्हॅल्यूत जाते. एसडीएलने सांगितलं की डमी उपलब्ध नाही. मी म्हटलं, डमी नाही म्हणजे काय, डमी सगळीकडे असतो! नीट बघितल्यावर दिसलं की संदेशात डमी आणि पुढच्या शब्दांमध्ये एका जागेऐवजी दोन जागा आहेत. चूक माझी, पण निदान ओरड तरी झाली.

नाव चुकलं तर मात्र चिडीचूप. क्वालिटीमधलं एक अक्षर गाळा, अंडरस्कोअर विसरा, दुसऱ्याच व्हर्जनमधलं नाव द्या: ना इशारा, ना लॉगमध्ये ओळ. प्रोग्रॅम छान चालतो, फक्त तुमच्या सेटिंगशिवाय. दार वाजवतोय आणि आत कोणी आहे की नाही हेच कळत नाही, असली गत.

धुरकट चित्राचं प्रकरण नेमकं हेच. एसडीएल ३ मध्ये ही हिंट काढूनच टाकली आहे. वर २ मध्ये मुळातली सवय निअरेस्टची होती, ती ३ मध्ये लिनिअर झाली. आता टेक्स्चरचा (पडद्यावर काढायच्या चित्राचा) स्केल मोड कोडमधूनच सांगायचा. म्हणजे माझी ओळ जिवंत दिसत होती, पण ती वाचणारं कोणी उरलं नव्हतं. कोडमध्येही मी हिंटचा तयार मॅक्रो (लायब्ररीनेच त्या नावासाठी दिलेला शब्द) न वापरता नाव सरळ अवतरणचिन्हांत लिहिलं होतं. मॅक्रो असता तर कंपाइलर पहिल्याच बिल्डला अडला असता. अवतरणातल्या मजकुराशी त्याला काय घेणंदेणं! दोन ठिकाणी तीच हिंट लिहिलेली, आणि दोन्हीकडे सामसूम.

इथवर लिहून दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. दरम्यान काही मतं बदलली, तीही प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिल्या खर्ड्यात मी नावं बदलल्याबद्दल बराच राग काढला होता. एसडीएल_व्हिडिओड्रायव्हरचं ३ मध्ये एसडीएल_व्हिडिओ_ड्रायव्हर झालं, ऑडिओचंही तसंच. एका अंडरस्कोअरपायी लोकांच्या फाइली मोडायच्या का, वगैरे. तो परिच्छेद खोडला. नवं नाव सापडलं नाही तर ३ जुनं नावही वाचून बघते; ही दोन व्हेरिएबल्स लोकांच्या अंगवळणी पडलेली आहेत म्हणून तेवढी मुभा ठेवली आहे. माझी जुनी ओळ सगळा वेळ चालत होती. शिव्या मागे घेतो. स्केल क्वालिटीच्या मागे मात्र जुनी-नवी अशी जोडीच नाही, तिला कोण वाली?

दुसरं मत. मला वाटत होतं की एसडीएलने सुरुवातीलाच एन्व्हायर्नमेंटमधली एसडीएलने सुरू होणारी सगळी नावं चाळावीत आणि अनोळखी दिसेल तिथे एक ओळ छापावी. ३ तर एन्व्हायर्नमेंटची स्वतःची प्रत ठेवतेच, मग अडचण काय? मग माझ्याच टर्मिनलकडे बघितलं. एकाच शेलमधून मी २ वर चालणारा गेम सोडतो आणि ३ वर चालणारा माझा प्रोग्रॅमही. एकाला लागणारी ओळ दुसऱ्याला अनोळखी. प्रत्येक वेळी अर्धा डझन इशारे आले असते आणि चार दिवसांत मीच ते बंद करायचं व्हेरिएबल शोधत बसलो असतो. तरीही, काढून टाकलेल्या हिंट्सची एक छोटी यादी ठेवून तेवढ्यापुरतं बोलायला हरकत नव्हती. या मुद्द्यावर मी हटणार नाही.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, मी तोंडावर आपटलो म्हणून. व्हिडिओ ड्रायव्हरची व्हॅल्यू वेलँड (एक्स११ नंतरची नवी डिस्प्ले यंत्रणा) अशी प्रोफाइलमध्ये कायमची लिहू नका. पोटात जुनी एसडीएल बाळगणाऱ्या गेमना वेलँड माहीतच नसतं, ते उघडतच नाहीत. मी हुशारी करून स्वल्पविराम देऊन वेलँड आणि एक्स११ दोन्ही लिहिले. नव्या एसडीएलला अशी यादी समजते. जुनी मात्र ती सगळी अक्षरं मिळून एकच ड्रायव्हर समजते आणि तो नाही म्हणून परत जाते. ज्या प्रोग्रॅमला गरज आहे त्याच्याच कमांडपुढे ओळ लिहावी. मेनूतल्या आयकॉनवरून सुरू होणाऱ्यासाठी त्याच्या डेस्कटॉप फाइलमध्ये एन्व्ह ही कमांड लावून, कारण बॅशच्या फाइलमध्ये लिहिलेलं तिथवर पोचेल याची खात्री नसते.

शेवटी शांततेवर उपाय मीच केला, आणि तोही फुकटातला. लायब्ररीच्या फाइलवर स्ट्रिंग्ज (फाइलमधला वाचता येणारा मजकूर काढणारी कमांड) चालवायचं आणि एसडीएल_ ने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेपने गाळून घ्यायच्या. हिंट्सची नावं आत मजकूर म्हणूनच बसलेली असतात, ती सगळी बाहेर येतात. त्या यादीत नाव नसेल तर ती लायब्ररी ते विचारणार नाही. आधी २ ची यादी काढली, मग ३ ची, आणि माझ्या फाइलमधली एकेक ओळ दोन्हींत शोधली. स्केल क्वालिटी पहिलीत होती, दुसरीत नव्हती. तीन संध्याकाळींचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं.

फाइलमध्ये अकरा ओळी होत्या. चार उरल्यात. काढलेल्या सातांपैकी दोन तर माझ्याच स्पेलिंगच्या चुका निघाल्या. गेले नऊ महिने त्यांच्यामुळे गेम जलद चालतोय असं मी लोकांना सांगत होतो.