मोठ्या मॅडमचे शनिवारचे पत्र: एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातील धारूर आणि केज या दोन तालुक्यांच्या शिवेवर आमचे गाव आहे. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग आहेत; माझी मुलगी तेथे आठवीत आणि धाकट्या दिराचा मुलगा सहावीत शिकतो. दीर आणि जाऊ दरवर्षी ऊसतोडीला जातात. २०२४मध्ये २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान करून दुसऱ्याच दिवशी ते टोळीबरोबर सांगलीकडे निघाले, धाकट्या दुसरीतल्या मुलीला सोबत नेले आणि मोठ्या मुलाला माझ्याकडे ठेवले. म्हणजे हा हिवाळाभर शाळेच्या दृष्टीने दोन लेकरांची पालक मी एकटीच होते.

याच हिवाळ्यात शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना मुले मोठ्या मॅडम म्हणतात, सहावी ते आठवीच्या पालकांना दर शनिवारी एक पत्र पाठवण्यास सुरुवात केली. पहिले पत्र २३ नोव्हेंबर २०२४ रोजी आले आणि शेवटचे १ मार्च २०२५ रोजी. या काळात पंधरा शनिवार आले आणि पत्रे चौदा मिळाली. २५ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाच्या तयारीत ते राहून गेले. चौदाही पत्रे मी वाचली, बहुतेक दोनदा, आणि त्यांतील बरीचशी फडावर, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतावर, पोहोचतील याची काळजी घेतली. त्या अनुभवावर हे लिहीत आहे.

यापूर्वी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर काय येत असे, ते बहुतेक पालकांना ठाऊक आहे. वरून आलेले परिपत्रक जसेच्या तसे पुढे पाठवलेले, खाली ‘माहितीस्तव’ एवढाच शब्द, आणि त्यातले नेमके आपल्याला काय करायचे आहे हे शोधण्याचे काम पालकांचे. मोठ्या मॅडमच्या पत्राने पहिल्याच आठवड्यात हा भार स्वतःकडे घेतला. त्या वेळी ‘अपार’ या बारा अंकी विद्यार्थी क्रमांकासाठी पालकांची संमतिपत्रे भरून घेणे सुरू होते. पत्रात त्यांनी चार ओळींत सांगितले की हा क्रमांक कशासाठी आहे, संमती आईची किंवा वडिलांची चालते, फडावर असलेल्यांनी अर्जावर सही करून त्याचे छायाचित्र पाठवले तरी शाळा ते छापून घेईल, आणि आधारवरचे नाव व शाळेच्या नोंदवहीतले नाव अक्षरशः सारखे असल्याशिवाय क्रमांक निघणार नाही. अंतिम तारीख दिली होती आणि कोणत्या शिक्षकांकडे अर्ज द्यायचा तेही लिहिले होते. माझ्या दिराने उसाच्या मोळीवर कागद ठेवून केलेली सही दोन दिवसांत शाळेत पोहोचली.

त्याच पत्रात शिक्षण हमी कार्डाबद्दलही लिहिले होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा हे कार्ड देते आणि ते दाखवल्यावर फडाजवळच्या शाळेत मुलाला वर्गात बसवून घ्यावे लागते, हे मला एवढी वर्षे ऊसतोड कामगारांच्या घरात राहूनही नीट माहीत नव्हते. जावेने ते कार्ड सोबत नेले होते, पण ते कशाचे आहे हे तिला पत्र ऐकल्यावर कळले. धाकटी मुलगी त्यानंतर तिकडच्या शाळेत काही आठवडे गेली. पुढे टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली, शाळा चार किलोमीटर दूर पडली आणि ते थांबले. यात पत्राचा दोष नाही, पण अनुभव पूर्ण सांगायचा तर हेही सांगायला हवे.

आता दोषाबद्दल लिहिते, कारण या चौदा पत्रांतले सर्वांत महत्त्वाचे वळण एका चुकीतून आले. ७ डिसेंबरच्या पत्राच्या शेवटी ‘कागदपत्रे अपूर्ण असलेले विद्यार्थी’ या शीर्षकाखाली अकरा नावे दिली होती आणि तिसरे नाव आमच्या पुतण्याचे होते. त्याच्या आधारवर आडनावातला एक काना राहून गेला होता, एवढीच अपूर्णता होती. गटावर मात्र सव्वाशे माणसे होती. त्या रात्री साडेनऊला जावेचा फोन आला. मागे कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर, पेटवलेल्या पाचटाचा तडतडाट ऐकू येत होता. ती म्हणाली, “अक्का, फडावर समद्यांनी वाचलं. मुकादमानं बी इचारलं, तुझ्याच लेकराचं नाव कसं काय आलं म्हणून. म्या काय सांगू त्याला?” पुतण्या शेजारीच गृहपाठ करत बसला होता. त्याने वही मिटली आणि म्हणाला, “मोठी माय, मी तर सगळं दिलतं.”

सोमवारी मी शाळेत गेले. मोठ्या मॅडमनी मला बसायला सांगितले, सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही अडवले नाही आणि समोरच्या वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या. १४ डिसेंबरच्या पत्राची सुरुवातच अशी होती: ‘मागील पत्रात मी मुलांची नावे जाहीर केली. ती माझी चूक झाली. यापुढे ज्या पालकाचे काम राहिले असेल, त्याच पालकाला मी वेगळा निरोप देईन.’ पुढच्या अकरा आठवड्यांत हा शब्द एकदाही मोडला गेला नाही. शाळेने पालकांची चूक दाखवल्याची पत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. शाळेने स्वतःची चूक लेखी मान्य केलेली मी प्रथमच पाहिली, आणि माझ्या लेखी या उपक्रमाची किंमत त्या तीन ओळींनी ठरवली.

त्याच भेटीत मी दुसरी अडचणही सांगितली होती. पहिली तीन पत्रे पीडीएफ स्वरूपात होती. फडावर नेटवर्क तुटक असते, जावेच्या साध्या स्मार्टफोनमध्ये जागा नसते, आणि पहाटे चारला उठून दिवसभर कोयता चालवल्यावर, मग रात्री ट्रक भरल्यावर, बारीक अक्षरांचे पान वाचण्याइतके डोळे उघडे राहत नाहीत. १४ डिसेंबरपासून पत्रासोबत तीन-साडेतीन मिनिटांचा आवाजी निरोप येऊ लागला. लेखी पत्र प्रमाण मराठीत असे, पण आवाजी निरोपात मोठ्या मॅडम गावच्या बोलीत बोलत. पहिल्या निरोपाची सुरुवात ‘फडावरच्या सगळ्या अक्कांना आन् बाप्पांना नमस्कार’ अशी झाली, आणि जाऊ सांगते की त्या रात्री शेजारच्या चार कोप्यांतली माणसे तिच्या फोनभोवती येऊन बसली होती. त्यांत ज्यांची मुले आमच्या शाळेत नाहीत अशीही होती.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली होती. परभणीत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी होती आणि आमच्याकडे डोंगरावर पहाटे हात बधिर होत होते. शनिवारी आमची शाळा सकाळी साडेसातला भरते. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा फेब्रुवारी २०२४चा निर्णय आहे. मोठ्या वर्गांना तो लागू होत नाही. मोठ्या मॅडमनी पत्रात हे स्पष्ट लिहिले आणि पुढे सांगितले की वस्तीवरची भावंडे एकमेकांच्या सोबतीने चालत येतात, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवून जानेवारीअखेरपर्यंत शनिवारी सगळेच वर्ग नऊला भरतील. निर्णय काय झाला, कोणी घेतला आणि कधीपर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात आल्या. माझी तक्रार एवढीच की हे पत्र शनिवारी दुपारी मिळाले आणि त्याच सकाळी लेकरे काकडत शाळेत जाऊन आली होती. थंडीची सूचना आठवडा सुरू होतानाच यायला हवी होती.

आठवीच्या पालकांना या पत्रांचा सर्वांत जास्त उपयोग परीक्षांच्या बाबतीत झाला. २२ डिसेंबरला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होती. साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मूल त्यात निवडले गेले तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हा आकडा पत्रात ठळक लिहिलेला होता, आणि तो वाचून आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी नातीला परीक्षेच्या आठवड्यात शेळ्यांमागे पाठवणे बंद केले. २१ तारखेच्या पत्रात प्रवेशपत्र, काळे पेन, पाण्याची बाटली आणि जीप कोठून किती वाजता निघेल, एवढेच होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पालकाला याहून अधिक काही नको असते.

९ फेब्रुवारीला राज्याची आठवीची वेगळी शिष्यवृत्ती परीक्षा होती; तिच्यापूर्वीचे पत्र त्याहून सरस होते. तिच्या प्रश्नपत्रिकेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत, असे प्रश्न जास्तीत जास्त २० टक्के असू शकत, आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळे. हे मला माहीत नव्हते. मोठ्या मॅडमनी पत्रात एक नमुना प्रश्न दिला होता आणि पालकांना सांगितले होते की तुम्हाला गणित येत नसले तरी चालेल, फक्त मुलाला विचारा, “दुसरं उत्तर शोधलंस का?” मी रोज रात्री मुलीला तेवढेच विचारत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती मी विचारण्याआधीच दुसरे उत्तर शोधू लागली. गुणांबद्दल येथे काही लिहीत नाही.

४ जानेवारीच्या पत्राचा उल्लेख वेगळा करायला हवा. सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम कसा झाला याला दोन ओळी देऊन उरलेले पत्र सातवी-आठवीच्या मुलींविषयी होते. आई-वडील फडावर गेले की मुलगी एकतर स्वयंपाकाला आणि लहान भावंडे सांभाळायला सोबत नेली जाते, किंवा म्हाताऱ्या आजीपाशी राहते आणि तिच्या काळजीपोटी घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. आमच्या जिल्ह्यात हे सगळ्यांना माहीत आहे, पण शाळेच्या पत्रात सहसा कोणी लिहीत नाही. मोठ्या मॅडमनी कोणावर ठपका न ठेवता लिहिले की कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ आहे, अडचण आली तर १०९८ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, आणि ‘ज्या आईला मुलीची काळजी वाटते तिने आधी मला फोन करावा, मी मुलीला रोज समोर पाहते’. या पत्रानंतर दोन मुली सोबतीसाठी माझ्या शेजारणीकडे राहायला आल्या. ती सोय मोठ्या मॅडमनीच बोलून केली.

उरलेल्या पत्रांत जंतनाशक गोळी, वेळ अमावस्येच्या दिवसाची हजेरी, स्नेहसंमेलनाचे कपडे असे नेहमीचे विषय होते आणि ती पत्रे ठीक होती. स्नेहसंमेलनाचे पत्र मात्र फार लांबले; पाहुण्यांची नावे पालकांना नको होती, मुलांना घरी कधी सोडणार ते हवे होते, आणि तेच शेवटच्या ओळीत सापडले.

दोन उणिवा अजून तशाच आहेत. गटावर फक्त शिक्षकच लिहू शकतात, त्यामुळे पत्राला उत्तर द्यायचे तर शाळेत जावे लागते किंवा फोन करावा लागतो. गावात असलेल्या मला ते जमते, फडावरच्या माणसाला जमत नाही. दुसरे असे की गटातले बहुतेक क्रमांक वडिलांचे आहेत. फोन त्यांच्या खिशात राहतो आणि मुलाचे दप्तर, डबा, आजारपण बघणारी आई किंवा आजी पत्र ऐकतच नाही. आमच्या घरापुरते मी जावेचा क्रमांक नोंदवून घेतला. प्रत्येक मुलामागे एका बाईचा क्रमांक घ्यावा, ही सूचना मी समितीच्या बैठकीत लेखी दिली आहे.

१ मार्चच्या पत्रात मोठ्या मॅडमनी हिवाळ्याची पत्रमालिका येथे थांबत असल्याचे कळवले. त्या दिवशी आमची टोळी परतलेली नव्हती. सोमवारी मी पुन्हा शाळेत गेले आणि विचारले की माणसे अजून फडावर असताना पत्र कसे थांबेल. त्यांनी हजेरीपट उघडला, ज्यांचे आई-वडील बाहेर आहेत अशा मुलांची नावे मोजली आणि शेवटची टोळी गावात येईपर्यंत निदान आवाजी निरोप चालू ठेवण्याचे कबूल केले. ८ मार्चचा निरोप दीड मिनिटाचा होता. त्यात घटक चाचणीच्या तारखा होत्या, आणि आमच्या पुतण्याने वर्गात मोठ्याने वाचलेल्या धड्यातल्या चार ओळी त्याच्याच आवाजात होत्या, त्याचे नाव न सांगता. जावेने त्या लगेच ओळखल्या.