पाच इंची डिजिटल भिंग: घ्यावं का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात वीजबिल गुजरातीत, पंचांग मराठीत आणि गोळ्यांची पट्टी इंग्रजीत. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, खराब झालेल्यांना हे तिन्ही वाचायला कॅमेरा आणि पाच इंची पडदा असलेलं भिंग खरंच उपयोगी पडतं.

काळ्यावर पिवळी अक्षरं लावा. अनुस्वार आणि वेलांट्या उठून दिसतात. अक्षरं मोठी मात्र जपून करा. दहा पट केलं की पडद्यावर मोजकीच अक्षरं मावतात आणि ओळ हरवते. वाचता येईल इतकंच वाढवा, ओळीखाली जाड पट्टी ठेवा. भिंग भराभर सरकवलं तर चित्र रेंगाळतं, अक्षरं फरफटतात.

खरा त्रास गोळ्यांच्या चकचकीत पट्टीचा. भिंगाचाच दिवा तिच्यावर चमकतो आणि एक्स्पायरी नेमकी त्याखाली दडते. दिवा बंद करा, पट्टी तिरकी धरा, चित्र गोठवायचं बटण दाबा, मग डोळ्याजवळ आणून निवांत वाचा.

नुसतं बिलच पाहायचं असेल तर एवढा खर्च कशाला? २० डायॉप्टर ताकदीचं साधं भिंग पुरतं, पण ते कागदापासून ५ सेंमीवरच धरावं लागतं. हात कापत असेल तर स्टँडवालं घ्या. आणि दुकानात जाताना घरचीच गोळ्यांची पट्टी न्या. दुकानदाराचा नमुना बहुधा ठळक छापलेला असतो.