घरून एकच नोकरी की चार ठिकाणची कामं?

दोन्हींत टेबल तेच, लॅपटॉप तोच. फरक आहे तो पैसा आणि जोखीम कुणाच्या अंगावर पडते यात.

घरून नोकरी करताना आजारी पडलात तरी पगारी रजा असते. काम शोधणं, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी मागे लागणं हे सगळं दुसरं कुणीतरी करतं. पण मालक एकच. त्यानं हात आखडला की उत्पन्न एका दिवसात शून्यावर.

आयरिश विचारवंत चार्ल्स हँडी यांनी १९८०च्या दशकात 'पोर्टफोलिओ' पद्धतीची कल्पना मांडली: थोडं शिकवणं, थोडं लेखन, थोडी सल्लागारी. चार ग्राहकांकडून सारखे पैसे येत असतील, तर एक गेल्यावर २५ टक्केच बुडतात. हा दिलासा खरा आहे. मात्र दर ठरवताना बहुतेक जण इथेच फसतात. जुना पगार भागिले कामाचे तास, असा हिशेब करतात. आठवड्याच्या ४० तासांपैकी १५ तास पत्रव्यवहार, प्रस्ताव आणि शिकण्यात गेले, तर पैसे २५ तासांचेच मिळतात. म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी दर १.६ पट हवा. रजा, विमा, निवृत्तीची तजवीज यांचा खर्च त्यावर वेगळा.

एकटेपणा दोन्हीकडे सारखाच.

माझं मत विचाराल तर नोकरी चालू असतानाच, करारात मुभा असेल तर, पहिला ग्राहक मिळवा. दुसरा टिकला आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मगच राजीनाम्याचा विचार करा.