प्रेशर शून्य, बिल ९,४००

पेट्रोलचं प्रेशर मोजणाऱ्या गेजचा काटा शून्यावर असलेला एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मीच काढलाय, मिस्त्रीनं काढायला लावला म्हणून. "ताई, फोटो घ्या, परत म्हणाल मिस्त्रीनं फसवलं." आणि गंमत अशी की फोटो शंभर टक्के खरा आहे. काटा खरोखरच शून्यावर होता.

गाडी अण्णांची, २००५ ची सँट्रो. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, पर्यावरण कर भरून ठेवली, कारण अण्णांचा जीव तिच्यात आणि माझी शाळा कोरेगावच्या बाजूला. जूनचा शेवट, पाऊस नुकता धरलेला. सकाळी साताऱ्यात, गोडोलीत घरासमोर सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडतच नाही. बॅटरी ठणठणीत, पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर. आमचा नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. कुणीतरी हायवेकडच्या एका गॅरेजचा नंबर दिला. आठशे रुपयांत टोचन करून नेली.

मी तिथे उभीच होते. त्यानं इंजिनाकडे येणाऱ्या पेट्रोलच्या लाइनला गेज जोडलं, पोरानं चावी ऑन केली, काटा जागचा हलला नाही. "ह्ये बघा, झिरो. पंप बसला. टाकीच्या आत असतुय त्यो, सगळं खोलाय लागंल." संध्याकाळी फोन आला, गाडी सुरू. वहीच्या फाडलेल्या पानावर हिशेब: ओरिजिनल पंप ७,२००, टाकी सफाई ७००, मजुरी १,५००. पानावर ना गॅरेजचं नाव, ना सही. जुना पंप मागितला तर म्हणे, "भंगारवाला दुपारीच घिऊन गेला." सगळं ऑनलाइन तरी द्यायला हवं होतं. मी चार हजार फोनवरून दिले, पण बाकीचे रोख द्यावे लागले, कारण तेवढ्यात त्याचा स्कॅनर "चालेनासा झाला".

चोविसाव्या दिवशी संगम माहुलीच्या पुलाच्या अलीकडे गाडी चालता चालता बंद. फोन केला तर म्हणाला, "पंप ओके हाय ताई, आता इंजेक्टर आन् ईसीएम बघाय लागंल. सात हजार ॲडव्हान्स टाका, मग उचलतो." (इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.) ॲडव्हान्स हा शब्द ऐकला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गाडी ढकलत-ओढत घरी आणली. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "माझं आयुष्य डिझेलमध्ये गेलं, पेट्रोलचं मला इचारू नको," म्हणत त्यांनी आपल्या हाताखाली शिकलेल्या एकाला बोलावलं. तो आला स्प्लेंडरवर, पिशवीत गेज आणि वायरीत करंट आहे का ते दाखवणारा टेस्टलॅम्प.

त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटला कान लावून बसला आणि मला म्हणाला, "चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. आणि अण्णांना म्हणावं, रेडिओ बंद करा." इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. मागून घूंऽऽ असा बारीक आवाज येतो. आमच्या गाडीत काहीच नाही. मग त्यानं फ्यूज काढून पाहिला, चांगला. पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा डबीएवढा स्विच, उपसला आणि त्याच्या जागी हॉर्नचा, तसाच आणि तेवढ्याच पायांचा रिले बसवला. चावी ऑन. घूंऽऽ. सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात गाडी सुरू. हॉर्न तेवढा मुका झाला.

जुन्या रिलेचं टोपण त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून दाखवलं. आतल्या दोन टिकल्या एकमेकींना चिकटून करंट पुढे पाठवतात, त्या जळून काजळासारख्या काळ्या झालेल्या. टकटक केली की कधी चिकटायच्या, कधी नाही. नवा रिले आला अडीचशे रुपयांना.

म्हणजे फोटोतला शून्य खराच, फक्त शून्य प्रेशर म्हणजे पंप गेला असं नसतं. पंपाला करंटच मिळाला नाही तर नवाकोरा पंपसुद्धा शून्यच दाखवणार. गेज जोडण्याआधी नाहीतर नंतर, पंपाच्या कनेक्टरवर टेस्टलॅम्प धरायचा. चावी ऑन केल्यावर दिवा दोन सेकंद लागला आणि तरी पंप गप्प, तर आधी अर्थिंग बघायचं. तेही ठीक असेल तर पंप गेला असं म्हणता येतं. दिवाच लागला नाही तर फ्यूज, रिले, वायरिंग. दोन मिनिटांचं काम. त्या पहिल्या मिस्त्रीला हे येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

काकांच्या माणसानं मग खात्रीसाठी गेजही लावलं. तीन बारच्या जरा वर (बार म्हणजे दाबाचं माप). आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा. इंजिन बंद केल्यावरही काटा धडकन पडला नाही, हळूहळू उतरत राहिला. तो लगेच पडला तर पंपातला व्हॉल्व्ह, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर नाहीतर ठिबकणारा इंजेक्टर. अशी गाडी रात्रभर थांबली की सकाळी फार वेळ सेल्फ खाते, आणि चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग मारला तर चटकन घेते. आणि गाडी सुरू होते पण यवतेश्वरच्या घाटात दम टाकते, तर आधी पेट्रोलचा फिल्टर बघा. हे प्रयोग घरी करायला मात्र जाऊ नका. त्या लाइनमध्ये दाबाखाली पेट्रोल असतं. त्यानंही नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं होतं.

"पण ताई, पंप तर नवा घातलाय ना? बघू तरी कसला घातलाय." त्यानं मागची सीट उचलली. खाली भुईमुगाची टरफलं, माझ्या मुलाचा बालवाडीतला खोडरबर (तो आता बारावीला आहे) आणि पंपावरचं पत्र्याचं झाकण. झाकणाच्या कडेनं कंपनीतला काळा डिंक वाळून दगड झालेला, कुठेही चीर नाही. स्क्रूच्या खाचांत माती घट्ट बसलेली. झाकण काढायला त्याला ब्लेड घ्यावं लागलं. आतल्या पंपावर छापलेलं वर्ष: २००५.

टाकी सफाई ७०० रुपये!

अण्णा बाहेर येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, फक्त टरफलं वेचली.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन गॅरेजवर गेले. सीटखालचे फोटो दाखवल्यावर आधी "पोरांनी केलं असंल", मग "तुमी दुसरीकडं खोलली, आता आमची जबाबदारी न्हाई". ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथल्या बाईंनी पहिलंच विचारलं, बिल आहे का? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, पण वहीच्या पानावर कुणाविरुद्ध तक्रार करणार? माझ्या हातात पुरावा म्हणून चार हजारांचा ऑनलाइन व्यवहार तेवढा उरला. तो दाखवल्यावर मात्र मिस्त्रीचा आवाज खाली आला. तीन हजार परत दिले, फोनवरून. ऑनलाइन त्या दिवशी छान चालत होतं.

"बाकीचं गणपती झाल्यावर देतो, ताई."

गणपती गेले, दिवाळीही झाली. परवा त्याच्या गॅरेजवरून जाताना पाहिलं, एक पांढरी झेन बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याशेजारी एक काका मोबाईल पुढे धरून फोटो काढत होते. मी गाडी बाजूला घेतली आणि उतरले.