शेरलॉक: मेणबत्ती कोणासाठी लावली होती?

बीबीसीची ‘शेरलॉक’ ही मालिका मी अलीकडेच पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. २०१० ते २०१७ या काळात चार पर्वांचे बारा आणि एक विशेष असे अवघे तेरा भाग निघाले. प्रत्येक भाग सुमारे दीड तासाचा, म्हणजे जवळपास एक चित्रपटच. शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या भूमिकेतला बेनेडिक्ट कंबरबॅच आणि त्याचा मित्र जॉन वॉटसन साकारणारा मार्टिन फ्रीमन यांच्या अभिनयाविषयी नव्याने सांगण्यासारखे काही उरलेले नाही. या वेळी मात्र एक जुना आरोप मनात ठेवून मी ती पाहत होतो. ही मालिका ‘क्वीअरबेटिंग’ करते, म्हणजे दोन पुरुषांमधल्या प्रेमाची चाहूल देऊन क्वीअर (समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्य) प्रेक्षकांना गळाला लावते आणि ते प्रेम प्रत्यक्षात कधीच दाखवत नाही, असा तो आरोप आहे.

त्याला आधार पहिल्याच भागात सापडतो. दोघांना दोन खोल्या लागतील का, असे घरमालकीण मिसेस हडसन सूचकपणे विचारतात. उपाहारगृहाचा मालक अँजेलो टेबलावर मुद्दाम मेणबत्ती आणून ठेवतो आणि आपण शेरलॉकबरोबर ‘डेट’वर आलेलो नाही, हे जॉनला सांगावे लागते. हा विनोद तसा जुनाच आहे. स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गेटिस हे निर्माते बिली वायल्डर यांच्या १९७० सालच्या ज्या होम्सपटाला आपले प्रेरणास्थान मानतात, त्यात खुद्द होम्सच एका नर्तिकेच्या तावडीतून सुटण्यासाठी वॉटसनशी आपले ‘तसे’ नाते असल्याची थाप मारतो. तिथे तो विनोद एका प्रसंगापुरता आहे. इथे जॉनचा नकार पुन्हा पुन्हा वदवून घेतला जातो.

तरीही ‘वचन देऊन फसवले’ हे म्हणणे मला पटत नाही. गेटिस स्वतः उघडपणे समलिंगी आहेत आणि या दोघांची प्रेमकथा आपण सांगत नसल्याचे निर्मात्यांनी जाहीरपणे म्हटले होते. जानेवारी २०१७ मध्ये शेवटचा भाग झाल्यावरही काही चाहते आणखी एका गुप्त भागाची वाट पाहत बसले, याचा सगळा दोष निर्मात्यांच्या माथी मारता येणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाबाबत आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी गच्चीवरून उडी मारलेला शेरलॉक मृत्यूतून कसा वाचला असेल, याचे तर्क लढवणारी चाहत्यांची एक मंडळी तिथे दाखवली आहे. त्यातली एक मुलगी आपली कल्पना सांगते, तेव्हा गच्चीवर शेरलॉक आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी यांचे ओठ जवळजवळ भिडतात आणि त्याच क्षणी मंडळीतलाच अँडरसन तिला वेड्यात काढतो. आपल्याकडे कोण पाहत आहे आणि त्यांना काय दिसते, हे निर्मात्यांना नेमके ठाऊक असल्याचा हा पुरावाच आहे. चाहूल आपणच द्यायची आणि ती ज्यांना लागली त्यांनाच हसायचे, याला क्वीअरबेटिंग म्हणावे असे मला वाटते. शेवटी चुंबन झाले की नाही, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

दुसऱ्या पर्वात शेरलॉकला टक्कर देणाऱ्या आयरीन ॲडलरचे प्रकरण तर मला याहूनही खटकले. ती आपण समलिंगी असल्याचे जॉनला स्पष्ट सांगते आणि त्याच भागाच्या शेवटी तिच्या फोनचा परवलीचा शब्द शेरलॉकच्या नावावरून बेतलेला निघतो! जे आकर्षण दोन पुरुषांच्या बाबतीत सतत थट्टेवारी नेले गेले, ते समोर स्त्री येताच एकदम गंभीर ठरते.

चौथे पर्व युरस या शेरलॉकच्या बहिणीच्या अतर्क्य कारस्थानांनी बिघडवले आहे, त्यामुळे ते टाळले तरी चालेल. पहिली दोन पर्वे जरूर पाहावीत. तिसऱ्यातला जॉनच्या लग्नाचा भागही चुकवू नये, कारण त्यातल्या भाषणात शेरलॉक आपला जिव्हाळा भर मांडवात बोलून दाखवतो आणि जॉन उठून त्याला मिठी मारतो.